वस्तीचा पुरस्कार: पानठेल्यावरच्या डब्यापासून मानपत्रापर्यंत

वाईटाची जाहीर धिंड कशी काढायची हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत असे दोन मोठे पुतळे निघतात, मागून बडगे निघतात, आणि त्या वर्षी ज्यानं लोकांना छळलं त्याचा पुतळा होऊन इतवारी-महालाच्या गल्ल्यांतून मिरवत जातो. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळं शहर हसतं. चांगल्या माणसाचं नाव चारचौघांत घ्यायची वेळ आली की मात्र आपली अक्कल शाल, श्रीफळ आणि दोन तासांची भाषणं इथेच संपते.

दक्षिण नागपुरातल्या आमच्या लेआउटमध्ये एक छोटं वाचनालय आहे. त्याच्या वतीनं गेली सहा वर्षं आम्ही वस्तीतल्या एका माणसाला पुरस्कार देतो. पहिल्या वर्षी तो सपशेल चुकला. रुग्णांच्या नातेवाइकांना फुकट डबे देणाऱ्या एका गृहस्थांना आम्ही स्टेजवर बोलावलं, हार घातला, माइक दिला. माणूस प्रामाणिक होता. तो म्हणाला, "डबे माझी वहिनी करते. मी फक्त स्कूटरवर पोचवून देतो." वहिनी समोर बसलेल्या नव्हत्या. त्या घरी संध्याकाळचे डबे भरत होत्या.

मंडप, हार, पाहुणे यांवर आम्ही तीन आठवडे घालवले होते आणि माणूस शोधण्यावर एक चहा. तेव्हापासून हिशेब उलटा केला. तुमच्या मोहल्ल्यात, सोसायटीत, विहारात किंवा मंडळात असं काही सुरू करायचं असेल तर आमच्या चुका फुकट घ्या.

आधी हद्द आखा

'नागपूर भूषण', 'विदर्भ रत्न' असली नावं डोक्यातून काढा. पुरस्कार जेवढ्या भागाचा, तेवढ्या भागातली माणसं तुम्हाला पायी फिरून भेटता आली पाहिजेत. महापालिकेचा प्रभागसुद्धा यासाठी मोठा पडतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती, प्रभाग ३८ आहेत. भागून पाहा, एका प्रभागात ६३ हजार माणसं निघतात. एवढ्यातून एक निवडायचा म्हणजे जो आधीच ठाऊक आहे तोच निवडला जाणार. दोन-तीन लेआउट, एखादा पुरा, बाजाराची एक ओळ, एवढं पुरे.

कशासाठी देणार, ते एका वाक्यात लिहून काढा. आमचं वाक्य असं: 'ज्यांचं काम थांबलं तर आठवड्याभरात वस्तीच्या लक्षात येईल, अशा माणसाला.' या एका वाक्यानं बरेच वाद वाचतात. वर्षातून एकदा ब्लँकेटं वाटून फोटो काढणारा आपोआप गळतो.

'किमान २५ वर्षांची सेवा' अशी अट मात्र घालू नका. विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यातून पुढे 'स्लम सॉकर' ही फुटबॉलची संस्था उभी राहिली. सुरुवातीच्या वर्षांत २५ वर्षांची अट त्यांना कुठून झेपली असती? आणि हाताला बळ हवं असतं ते त्या सुरुवातीच्या वर्षांतच. आम्ही दोन वर्षांची अट ठेवली आहे. त्याहून कमी ठेवली तर हौस आणि काम यांतला फरक कळत नाही.

निवड करणारे पाच जण

पाचच घ्या, विषम संख्या राहते. त्यात दोघे तरी असे हवेत जे एरवी समितीत बसत नाहीत. आमच्याकडे एक धुणीभांडी करणाऱ्या मावशी आहेत आणि एक घरोघरी सिलिंडर पोचवणारा. दोघं मिळून जेवढ्या घरांचे उंबरे ओलांडतात तेवढे आम्ही तिघं शिकलेल्यांनी जन्मात ओलांडले नसतील. आजी नगरसेवक आणि होऊ घातलेले, दोघांनाही समितीबाहेर ठेवा. प्रेक्षकांत खुर्ची द्या, पहिल्या रांगेत द्या, पण यादी बघायला देऊ नका.

समितीतल्या कोणाच्या नात्यातलं, भाडेकरूतलं किंवा देण्याघेण्यातलं नाव आलं तर त्यानं त्या चर्चेपुरतं उठून बाहेर जायचं. आमच्याकडे हे वहीत लिहिलेलं आहे, कारण तोंडी ठरलेलं ऐनवेळी कोणालाच आठवत नाही.

डबा आणि तीन प्रश्न

पहिल्या वर्षी आम्ही कागदावर ठळक अक्षरांत 'नामांकन अर्ज' असं छापलं होतं. गठ्ठा पानठेल्यावर ठेवायला गेलो तर ठेलेवाला म्हणाला, "कोन्तं इलेक्शन हाये भाऊ?" महिन्याभरात चार अर्ज आले, त्यातले दोन स्वतःसाठी.

आता पुठ्ठ्याचे तीन डबे असतात. एक पानठेल्यावर, एक किराणा दुकानात, एक औषधाच्या दुकानात. डब्याला सुतळीनं पेन बांधलेलं असतं, आणि चिठ्ठीवर एवढंच छापलेलं:

तुमच्या अडचणीत न बोलावता कोण आलं?
वस्तीतलं कोणतं काम कोणी न सांगता होत राहतं, आणि ते कोण करतं?
ते काम किती वाजता, कुठे बघायला मिळेल?

मागच्या बाजूला हेच हिंदीत. नागपुरात ते नसेल तर निम्मी वस्ती गप्प राहते. लिहिता न येणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप चालतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात बोलके निरोप तेच असतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. 'फार मोठं समाजकार्य करतात' असं लिहिणाऱ्याला तो रिकामा सोडावा लागतो. ज्यानं खरंच पाहिलंय तो लिहितो, 'पहाटे ५, पाण्याच्या टाकीपाशी.' एकाच हस्ताक्षरात नऊ चिठ्ठ्या आल्या तर त्या एक समजून मोजा. मतदान नाहीच हे. चिठ्ठ्यांची संख्या बघायची नसते, त्या कुठे जायला सांगतात ते बघायचं.

आमचे डबे दसऱ्याला बसतात आणि दिवाळी झाली की उघडतात. दसरा मुद्दाम निवडला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या विजयादशमीला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून या दिवसांत दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि चहूबाजूंनी जेवणाचे, पाण्याचे, औषधांचे स्टॉल लागतात. नजर असेल तर माणसं हेरायला याहून चांगली जागा नाही. स्टॉलवरच्या बॅनरवर ज्याचा फोटो आहे त्याच्याकडे बघू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रावळी आणि ग्लास गोळा करायला कोण थांबलंय ते बघा. रामनवमीच्या शोभायात्रेनंतरही हाच नियम.

प्रत्यक्ष जाऊन पाहा

इथे घाई केली तर बाकी सगळं वाया. तीन-चार नावं निवडा आणि प्रत्येकासाठी समितीतल्या दोघांनी काम चालू असताना जावं, आधी कळवू नये.

चौथ्या वर्षी एका चिठ्ठीवर होतं, 'मेडिकल, सकाळी ८ च्या आधी, चिठ्ठीच्या रांगेजवळ, निळ्या पिशवीवाल्या काकू.' मेडिकल म्हणजे इथलं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, आणि तिथली चिठ्ठी म्हणजे तपासणीआधी काढायचा केसपेपर. मी साडेसातला पोचलो. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा, कुठून कुठून रात्रीच्या गाडीनं आलेली माणसं. हातात आधीच्या डॉक्टरांचे कागद, कुठे जायचं ते ठाऊक नाही. काकू साठीच्या. पिशवीत चार-पाच पेनं, कोऱ्या कागदांचा गठ्ठा, पारले-जीचे पुडे आणि घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. एक तरुण पोर बापाला धरून उभं होतं आणि ढसाढसा रडत होतं. काकूंनी त्याच्या हातातले कागद घेतले, आधार कार्ड बाजूला काढलं आणि म्हणाल्या, "पहिले चिठ्ठी काढ, मंग रड." मग त्याच्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. अकरा वाजेपर्यंत मी चौदा घरची माणसं मोजली. नंतर त्या ऑटोनं घरी गेल्या, पैसे स्वतःचे दिले.

एवढं पाहून मी तिथेच ठरवून टाकलं होतं. पण समितीच्या मावशी म्हणाल्या, तुम्ही एकच दिवस पाहिलं. म्हणून त्या आणखी दोनदा गेल्या, वेगवेगळ्या वारी. बरोबरच होतं त्यांचं. दर वेळी काय विचारायचं ते आता वहीत लिहून ठेवलंय: एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांना विचारा. कामात आणखी कोण आहे ते विचारा, म्हणजे वहिनी राहून जाणार नाहीत. पैसे कुठून येतात ते विचारा. आणि 'यांच्याबद्दल कोणाची तक्रार आहे का' हे शेजाऱ्याला सरळ विचारा. तक्रार निघाली म्हणजे नाव बाद असं नाही. नळावरचं भांडण वेगळं, वर्गणीचा हिशेब न देणं वेगळं. हा फरक समितीनं बसून करायचा असतो आणि त्यासाठी एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवायची.

त्यांना विचारलंत का?

बरेच जण हे विसरतात. नाव जाहीर करण्याआधी घरी जा आणि परवानगी घ्या. काकूंना विचारलं तर पहिलं उत्तर आलं, "मले कायले? मी तं फक्त रांग दाखवतो." दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं होतं. पेपरात फोटो नको, कारण लोकांना वाटेल आपल्याला याचा पगार मिळतो. आम्ही फोटो छापला नाही. ज्यांना मदत मिळाली त्यांचे फोटो तर कधीच दाखवू नका. रुग्ण, लहान मुलं, दारू सोडलेली माणसं यांना कोणाच्या सत्काराची सजावट व्हायची नसते.

नकार आला तर तो घ्या. आजवर आम्हाला दोन नकार आले. दोन्ही वेळा दुसरं नाव पुढे केलं आणि पहिल्याबद्दल कुठे अवाक्षर काढलं नाही.

पैसा

आमचा एकूण खर्च १६ हजारांच्या आत बसतो. त्यातले १० हजार पुरस्काराचे, बाकी चौकट, छपाई, माइक आणि तर्री-पोहे. पुरस्कार रोख द्यावा का यावर दर वर्षी वाद होतो. पद्म पुरस्काराबरोबर रोख रक्कम नसते, सनद आणि पदक असतं. पण दिल्लीची गोष्ट वेगळी. वस्तीतला माणूस स्वतःच्या खिशातून खर्च करत असतो, त्याला पितळी ट्रॉफी देऊन आपण त्याच्या घरातली एक फळी अडवतो. माझं मत: कामाला काय लागतं ते विचारा आणि ते द्या. काकूंना वर्षाचं ऑटोभाडं हवं होतं. सायकली दुरुस्त करून शाळकरी पोरांना देणाऱ्या एका काकाजींना पाने आणि पंप हवा होता. तो घ्यायला आम्ही त्यांनाच बरोबर नेलं, कारण आम्ही आणला असता तर चुकीचा आणला असता.

वर्गणी काढणार असाल तर हिशेब चोख ठेवा. संस्था नोंदणीकृत नसेल तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. प्रत्येक रुपयाची पावती फाडा आणि जमाखर्च पुढच्या महिन्यात फलकावर लावा. नोंदणी असून देणगीदाराला आयकरात सूट देणारी, ८०-जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळालेली असेल तर देणगीदाराला सांगा, २,००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत धरत नाहीत, चेक किंवा यूपीआयनं द्या. एवढ्याशा रकमेवर घेणाऱ्याला आयकराची धास्ती नको. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटी ५० हजारांवर गेल्या तरच तो प्रश्न येतो.

एक दाता सगळा खर्च उचलायला तयार असतो, फक्त पुरस्काराला त्याच्या वडिलांचं नाव हवं असतं. घ्यायला हरकत नाही. नाव वडिलांचं, निवड समितीची, हे पैसे घेण्याआधी लिहून घ्या.

तारीख

मे महिना विसरा. पारा ४५ च्या आसपास असताना तुमच्या मांडवात फक्त कूलर दुरुस्त करणारा थांबेल. डिसेंबरात अधिवेशन असतं, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्च्यांनी अडतात, पोलिसही तिकडेच गुंतलेले. आम्ही २६ जानेवारी धरली. झेंडावंदनाला वस्ती आपोआप जमते, थंडी असते, मांडव लागत नाही, रात्री दहाच्या लाउडस्पीकरबंदीशी संबंध येत नाही. माइकची परवानगी पोलीस ठाण्यातून आठवडाभर आधी घेऊन ठेवायची, एवढंच. मोठं सभागृह भाड्यानं घेऊन अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्यापेक्षा शाळेचं पटांगण बरं.

मानपत्र

खरा पुरस्कार हाच. ट्रॉफी कपाटात जाते, शाल पुढच्या कोणाच्या तरी सत्काराला निघते. मानपत्र भिंतीवर राहतं आणि नातवंडं ते वाचतात. आमचं पहिलं मानपत्र असं सुरू होत होतं:

'समाजऋण फेडण्याच्या उदात्त हेतूने प्रेरित होऊन आपण अहोरात्र झटत असलेल्या निःस्वार्थ सेवाकार्याचा सुगंध सर्वदूर दरवळत असून...'

यात नाव बदललं की ते कोणालाही चालतं. चौथ्या वर्षीचं असं होतं:

'तुम्ही आठवड्यातून चार दिवस सकाळी सातच्या आत मेडिकलच्या चिठ्ठीच्या रांगेजवळ उभ्या असता. हे काम तुम्ही ९ वर्षांपूर्वी, स्वतःच्या यजमानांच्या आजारपणात रांग चुकली तेव्हा सुरू केलं. तुमच्या पिशवीत पेनं, कोरे कागद आणि बिस्किटं असतात. परगावाहून आलेल्या माणसाला तुम्ही आधी कागद लावून देता, मग धीर देता. ऑटोचे पैसे तुम्ही कोणाकडून घेत नाही. आमच्या वस्तीला तुमचा अभिमान आहे.'

लिहायची रीत सोपी आहे. दिवस, वेळ, जागा, हातातली वस्तू, आणि काम कसं सुरू झालं, एवढं गोळा करा. विशेषण एकही नको. भावना असलीच तर शेवटच्या एका वाक्यात. मोठ्यानं वाचून एका मिनिटाच्या आसपास संपलं पाहिजे. छापायच्या आधी कच्चा मजकूर त्यांच्या घरी वाचून दाखवा आणि त्या सही करतात तसंच नाव घ्या. काकूंनी एक दुरुस्ती सुचवली होती. आम्ही 'रोज' लिहिलं होतं, त्या म्हणाल्या, "रोज नाही, चार दिस." तेच छापलं.

छपाईपेक्षा शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींकडून सुंदर अक्षरात लिहून घ्या. फ्रेमला काच लावा, लॅमिनेशन नको. उन्हाळ्यात ते फुगतं.

कार्यक्रम, ४० मिनिटांत

झेंडावंदन, दोन मिनिटं प्रास्ताविक, मानपत्राचं वाचन, पुरस्कार, मानकऱ्याला हवं असेल तर दोन शब्द, पोहे. प्रमुख पाहुणा नको. पुरस्कार कोणाच्या हातून द्यायचा? ज्याच्या उपयोगी तो माणूस पडला त्याच्या हातून, तोही तयार असेल तरच. काकूंना मानपत्र द्यायला भंडाऱ्याचे एक गृहस्थ पहिल्या बसनं आले होते. त्यांना भाषण जमलं नाही. त्यांनी फ्रेम दिली, वाकून नमस्कार केला आणि पोह्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

पाहुणा बोलवायचाच असेल आणि तो पद्म पुरस्कार मिळालेला असेल तर पत्रिकेत नावाआधी 'पद्मश्री' लावू नका. हे पुरस्कार म्हणजे पदव्या नव्हेत आणि ते नावाच्या पुढे-मागे लावता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच सांगितलं आहे. परिचयात 'पद्मश्री पुरस्काराचे मानकरी' म्हणा.

विकत मिळणारे पुरस्कार

आमच्या काकाजींचं नाव पेपरात आल्यावर महिन्याभरात त्यांना फोन आला. 'राज्यस्तरीय' पुरस्कार, फेटा, ट्रॉफी, मोठ्या शहरात सोहळा, आणि नोंदणी शुल्क साडेतीन हजार. ते भरायला निघाले होते. तुमच्या मानकऱ्याला आधीच सावध करा: जो पुरस्कार पैसे मागतो, ज्याच्या निवड समितीतला एकही माणूस काम बघायला आलेला नाही, आणि ज्याच्या पत्रिकेत एका दिवसात ऐंशी मानकरी आहेत, तो दुकानातला माल आहे. फोन ठेवून द्यायचा.

वरच्या पायरीकडे

गोळा केलेली माहिती फाइलमध्ये पडू देऊ नका. पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक कोणाचंही नाव सुचवू शकतो, ओळखीच्या आमदाराचं पत्र लागत नाही. राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरायचा, कामाचं वर्णन ८०० शब्दांत बसवायचं. शेवटची तारीख दर वर्षी बदलते, ती पोर्टलवरच बघा आणि उन्हाळ्यातच कामाला लागा. २०२५ च्या पद्मश्रींच्या यादीत नागपूरचे होमिओपॅथ डॉ. विलास डांगरे होते, म्हणजे यादी आपल्या गल्लीपासून फार लांब नसते. राज्याच्या समाजकल्याण खात्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कारही आहे. त्याच्या अर्जाची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा.

या अर्जांत लोक अडकतात ते पुराव्यापाशी. तुमच्या वहीत तारखा, वेळा, तिघांचे जबाब आणि मानपत्र असेल तर अर्ज एका रविवारी भरून होतो. आम्ही काकूंचा भरायचा म्हणून विचारायला गेलो, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. वही तयार आहे. त्या मेडिकलला जातात ते चार दिवस सोडून त्यांच्याकडे जावं लागतं, एवढीच अडचण आहे.